वालधुनीचे पाणी, प्राध्यापकांचे गुण

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरते, तेव्हा तिचा रंग काय असेल हे त्या दिवशी वर कोणी काय सोडले यावर ठरते. या पाण्याचा अभ्यास करायला दूरवरून कोणी यायला नको. उल्हासनगरची चांदीबाई आणि तलरेजा, बदलापूरचे आदर्श ही महाविद्यालये याच पट्ट्यात आहेत. पंधरा-वीस वर्षे शिकवलेले, डॉक्टरेट झालेले अध्यापक इथे मिळतात. मिळत नाही तो पैसा.

संशोधन मात्र त्यांना करावेच लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्य व्हायचे तर पंधरा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि ११० गुणांचा ‘रिसर्च स्कोअर’ लागतो. प्रकल्प पूर्ण केला तर त्याचेही गुण आहेत: दहा लाखांच्या वरचा असेल तर १०, खालचा असेल तर ५. प्रकल्पाला पैसे कोण देणार, याचे उत्तर त्या तक्त्यात नाही.

पूर्वी ‘मायनर प्रोजेक्ट’ होते. आयोगाच्या पुण्यातल्या विभागीय कार्यालयाकडे अर्ज जायचा, दोन-चार लाख मिळायचे, पहिला हप्ता आला की दुसऱ्याची वाट पाहायची. त्यांतले कित्येक अहवाल कपाटात पडून आहेत, हेही खरे. तरी त्या पैशांत एखादे उपकरण यायचे, विद्यार्थ्याला नदीवर पाठवता यायचे. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, २०१७ च्या सुमारास, ही वाट बुजली.

मग २०२२ च्या शिक्षकदिनी आयोगाने सेवेतल्या अध्यापकांसाठी दहा लाखांचे अनुदान जाहीर केले. देशभरातून निवडायचे २०० जण. अटी वाचाव्यात: वय पन्नासच्या आत, पाच विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केलेले, शिवाय अनुदानित असे दोन संशोधन प्रकल्प आधीच पार पाडलेले. म्हणजे ज्याला पूर्वी मिळाले त्यालाच पुन्हा मिळणार. पदवीचे वर्ग घेणाऱ्या महाविद्यालयातला अध्यापक पाच पीएच.डी. कुठून आणणार? नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची पंतप्रधानांच्या नावाची योजना आहे, पण ती बेचाळिशीच्या आतल्यांसाठी. बेचाळिशी उलटलेला आणि मार्गदर्शनाची संधीच न मिळालेला माणूस दोन्हींकडून सुटतो, आणि प्राचार्यपदाच्या मुलाखतीला नेमका तोच बसतो.

वालधुनीच्या पाण्याचा अभ्यास करायचा म्हणजे काय, तेही पाहू. पाण्याची बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) काढायची तर नमुना बाटलीत हवा न राहू देता भरायचा, २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा, मग टायट्रेशन. एवढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पण शिसे, क्रोमियम मोजायचे तर नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत न्यावे लागतात, आणि तिथले बिल नमुन्यागणिक वाढते. एका पावसाळ्याचे, एका उन्हाळ्याचे नमुने घेतले की खिसा रिकामा होतो. आठवड्याचे सोळा तास वर्ग, त्यावर नॅकच्या फायली, पेपर तपासणी आणि नव्या शैक्षणिक धोरणाचे रोज बदलणारे अभ्यासक्रम. मग पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा का चालतो, याचे नवल कशाला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

जानेवारी २०२५ च्या मसुद्यात आयोगाने गुणांचा तक्ता बाजूला ठेवून नऊ ‘उल्लेखनीय योगदाने’ सुचवली. त्यांत एक आहे बाहेरून संशोधनाचा निधी आणणे. लहान प्रकल्पांना अनुदान देणे थांबवायचे आणि अनुदान आणणे ही पात्रता ठरवायची, हा प्रकार अजब आहे. त्यापेक्षा मुंबई विद्यापीठ आज जे लहान अनुदान देते त्याची रक्कम वाढवावी, त्याला आठवड्यातल्या चार तासांची सूट जोडावी, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतला वाटा विद्यापीठामार्फत इथल्या महाविद्यालयांना मिळावा. पैसा विद्यापीठाच्या हातून यायला हवा, कारण तपासायचे आहे ते त्याच कारखान्यांचे पाणी.