हॉलमधला आवाज, घरातल्या सगळ्यांसाठी

घरातला मुलगा आखातातून सुट्टीवर येतो, कुणाला बोनस मिळतो किंवा मोठा टीव्ही भिंतीवर चढतो, की पुढची मागणी ठरलेली असते : आता स्पीकरही चांगले घेऊ. मागणी रास्त आहे. टीव्ही जसजसे पातळ झाले तसतसे त्यांच्या आतले स्पीकर लहान झाले. शिवाय त्यांचे तोंड बहुधा खाली किंवा मागच्या भिंतीकडे असते. चित्र चार फुटांचे आणि आवाज डब्यातून आल्यासारखा, हा अनुभव बहुतेकांना आहे. पण दुकानात जाण्याआधी कागद, पेन्सिल आणि मापाची टेप घेऊन अर्धा तास घरातच बसावे, असे आम्हाला सुचवायचे आहे.

थिएटर फक्त सिनेमासाठी बांधलेले असते. आपला हॉल तसा नसतो. सकाळी दादीची नमाज आणि तिलावत तिथेच, दुपारी मुलांचा अभ्यास, संध्याकाळी पाहुण्यांची बैठक, रमजानमध्ये इफ्तारचा दस्तरखान आणि रात्री दोघातिघांच्या गाद्या. 10 बाय 15 फुटांच्या खोलीवर एवढ्या सगळ्यांचा हक्क असतो. तिथे येणारे नवे सामान सगळ्यांच्या सोयीचे हवे.

आधी ऐकणाऱ्यांची यादी करा

स्पीकरची निवड बहुधा घरातले तरुण करतात आणि त्यांना हवा असतो दणका. ज्यांची गरज सर्वांत मोठी, ती वडीलधारी माणसे मात्र काहीच मागत नाहीत.

वय वाढते तसे ऐकणे कमी होते, पण सगळे स्वर सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, त, थ यांसारखे उच्चार याच पट्टीत येतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असल्याने नीट ऐकू येतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही." मग कुणीतरी रिमोटवर आवाज वाढवतो. त्याने पार्श्वसंगीत वाढते, गाड्यांचा कर्कशपणा वाढतो, मुले कानांवर हात ठेवतात. शब्द मात्र फारसे स्पष्ट होत नाहीत.

यातून पुढे जे घडते ते सहसा लक्षातही येत नाही. भांडण नाही, आजारपण नाही, तरी दादी रात्री जेवण झाले की आतल्या खोलीत जाऊन पडते. विचारले तर म्हणते, "मला नाही त्या मालिकेची आवड." घरातले खरे मानतात. दिवसभरात सगळे एकत्र बसण्याचा तेवढाच एक तास असतो आणि त्यातून एक माणूस गुपचूप वजा झालेले असते. नव्या स्पीकरने हा तास तिला परत मिळत असेल तर खर्च सार्थकी लागला. अर्थात, समोरासमोरचे बोलणेही तिला कळत नसेल तर स्पीकर हा उपाय नव्हे. आधी कानांची तपासणी करून घ्यावी.

मधल्या स्पीकरला पहिला मान

दुकानात "5.1" हा शब्द ऐकू येईल. याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पुढे डावा, उजवा आणि मधला, बाजूंना दोन, आणि खर्जासाठी सबवूफर. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर असतो.

काही जण म्हणतात, दोनच चांगले स्पीकर घ्या, मधला लागत नाही. एकटा माणूस बरोबर मध्ये बसून ऐकणार असेल तर ते खरे आहे. दोन्हीकडून सारखा आवाज आला की तो मधून आल्याचा भास होतो. पण आपल्या घरात मध्ये बसतो एकच. बाकीचे कुणी दिवाणाच्या टोकाला, कुणी दाराशी, कुणी गादीवर. बाजूला बसणाऱ्याला संवाद जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखे वाटतात आणि ऐकण्याची ओढाताण होते. म्हणून सामायिक हॉलमध्ये मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा.

पुढचे तीनही स्पीकर शक्यतो एकाच मालिकेतले घ्यावेत, नाहीतर पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. हॉल लहान असेल, लहान मुले वायरींशी खेळत असतील, तर साउंडबारही चालेल. मात्र त्यात संवादासाठी वेगळा मधला चॅनेल आहे का, हे विचारून घ्यावे. "3.1" किंवा "5.1" लिहिलेल्या साउंडबारमध्ये तो असतो, "2.1" मध्ये नसतो.

टेप घेऊन जागा ठरवा

पहिला प्रश्न भिंतीचा. नमाजीच्या समोर पडणाऱ्या भिंतीवर टीव्ही नको, असे बऱ्याच घरांत पाळतात. तसे असेल तर ते आधीच ठरवावे, म्हणजे वायरी ओढून झाल्यावर वाद होत नाही.

पुढचे डावे-उजवे स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 22 ते 30 अंशांत यावेत, असा संकेत आहे. हिशेब सोपा आहे : टीव्हीपासून 9 फुटांवर बसत असाल तर दोघांमध्ये सव्वासात ते साडेदहा फूट अंतर. 10 फुटी भिंतीवर साडेसात फूट पुरेसे आहे.

दुसरे माप उंचीचे. उंच पट्टीचा आवाज काढणारा छोटा भाग, म्हणजे ट्विटर, बसलेल्याच्या कानाच्या पातळीला हवा. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान आणि गादीवर बसणाऱ्याचा कान यांत फुटाहून अधिक फरक पडतो. आपल्याकडे दोन्ही प्रकारे बसतात, म्हणून टेपने मोजून मधली उंची धरावी. मधला स्पीकर खाली असेल तर त्याचे तोंड किंचित वर, वर असेल तर किंचित खाली करावे. तो शोकेसच्या खणात आत सरकवू नये. फळीच्या पुढच्या कडेला आणून ठेवावा. खणात खोल गेलेला आवाज घोगरा होतो आणि नेमके शब्दच बिघडतात.

बाजूचे स्पीकर बसणाऱ्याच्या अगदी बाजूला किंवा थोडे मागे, कानाहून एक-दोन फूट वर लावावेत. वायर भिंतीच्या कडेने न्यावी. जानमाज किंवा दस्तरखान अंथरण्याच्या जागेतून ती आडवी जाता कामा नये. रात्री अंधारात उठणाऱ्या म्हाताऱ्या पायांना ती दिसत नाही.

खर्ज आणि शेजार

पडदे, गालिचे, गाद्या बारीक आवाज शोषतात. खर्जाला ते अडवू शकत नाहीत. तो भिंतीतून आणि स्लॅबमधून शेजारी आणि खालच्या मजल्यावर पोहोचतो. शिवाय प्रत्येक खोली काही ठरावीक खर्ज स्वतःहून फुगवते. 15 फूट लांबीच्या खोलीत असा पहिला स्वर 38 हर्ट्झच्या आसपास असतो, 10 फूट रुंदीसाठी 56 च्या आसपास. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की ही गुणगुण आणखी वाढते.

एक जुनी युक्ती बिनपैशाची आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा, खर्ज असलेले काही लावावे आणि भिंतीकडेने वाकून फिरत ऐकावे. जिथे आवाज गुळगुळीत आणि समान लागतो, तिथे सबवूफर न्यावा. ती जागा शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीला चिकटून असेल तर दुसरी निवडावी. खाली जाड रबर ठेवावे.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीपाशी या मर्यादेहून 5 डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. पण मोजमापाच्या यंत्राची वाट कशाला पाहायची? नेहमीच्या आवाजात सिनेमा लावावा आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहावे. शेजारी बाळंतीण असेल, बारावीचा विद्यार्थी असेल, त्याच्या कानाने ऐकावे. बहुतेक रिसीव्हरमध्ये आणि साउंडबारमध्ये "नाइट मोड" असतो. तो स्फोट दाबतो आणि हळू बोलणे वर आणतो. रात्री तो चालू ठेवण्याची घरात सवय लावावी.

दुकानात विचारायचे प्रश्न

खोक्यावरच्या हजारो वॉटला भुलू नये. "पीएमपीओ" हा आकडा सोडून द्यावा, "आरएमएस" किती ते विचारावे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. 86 ऐवजी 89 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो. स्पीकर किती ओहमचा आहे आणि रिसीव्हरला तो चालतो का, हे दोन्हींच्या माहितीपत्रकांत ताडून घ्यावे. टीव्हीच्या मागे "एआरसी" किंवा "ईएआरसी" लिहिलेले एचडीएमआयचे भोक आहे का, ते घरीच पाहून जावे. ते असेल तर एका वायरीत काम होते आणि बहुतेक टीव्हींवर त्याच एका रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. म्हाताऱ्या हातांना तीन रिमोट जमत नाहीत.

सगळे एकदम घ्यायची गरज नाही. आधी टीव्हीच्या सेटिंगमधला संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू करून पाहावा. काही घरांचे काम तेवढ्यानेच भागेल. मग रिसीव्हर आणि पुढचे तीन स्पीकर. पुढच्या वर्षी सबवूफर. बाजूचे दोन सर्वांत शेवटी.

आणि दुकानात दादीला सोबत न्यावे. विक्रेता स्फोटांचा सिनेमा लावेल. त्याला बातम्या किंवा साधे संभाषण लावायला सांगावे, आवाज हळू ठेवून. दोन मिनिटांनी दादीला विचारावे, शेवटचे वाक्य काय होते? तिला ते सांगता आले, तर तोच स्पीकर घरी आणावा.