विश्लेषण : भावावर गुन्हा, म्हणून नोकरी जाते का?

मुदखेडला सीआरपीएफचे, तर चाकूरला बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र. वर्दीचे स्वप्न नांदेड-लातूरच्या अनेक घरांत आहे. मैदानी व लेखी परीक्षा पार पडली की चारित्र्य पडताळणी येते आणि घरात कुजबुज सुरू होते : भावावरचा गुन्हा आडवा येईल का?

काय विचारतात?
केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात आई-वडील, भावंडे, पती वा पत्नी यांचे राष्ट्रीयत्व, व्यवसाय, पत्ता द्यावा लागतो. अटक, खटला, शिक्षा यांबाबतचे प्रश्न मात्र उमेदवाराविषयीच असतात.

नाते कधी महत्त्वाचे?
गोपनीय कामाच्या पदांसाठी परदेशी नातेसंबंध तपासले जातात. परदेशी नागरिकाशी विवाह केल्यास केंद्रीय कर्मचाऱ्याने सरकारला तातडीने कळवणे बंधनकारक आहे.

कायदा काय सांगतो?
भावावर गुन्हा आहे, एवढ्याने उमेदवार आपोआप अपात्र ठरत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(२) नुसार केवळ कुळावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. स्वतःवरचा गुन्हा दडवल्यास मात्र नियुक्ती रद्द होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात (२०१६) स्पष्ट केले.

पडताळणी उमेदवाराची आहे, भावकीची नव्हे, हे भान यंत्रणेने ठेवावे. उमेदवारानेही भीतीपोटी रकाना कोरा सोडू नये.