सही कुणाची, पोट कुणाचं?

गेल्या वर्षी बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. बाबा शुद्धीवर होते, कॉटवर बसून पेपर वाचत होते. तरी संमतीचा फॉर्म माझ्या हातात आला. दोन पानं, सगळं इंग्रजीत. "इथे, इथे आणि इथे," सिस्टर म्हणाल्या. अ‍ॅप टाकताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो तशा मी तीन सह्या ठोकल्या.

ऑपरेशननंतर बाबांनी विचारलं, "दुर्बिणीतून करणार होते ना? मग एवढे टाके कसे?" दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हे फॉर्ममध्ये लिहिलं होतं. डॉक्टरांचा निर्णय बरोबरच असेल. पण पोट ज्यांचं, त्यांनाच ते कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मीही नाही.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित बाई फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. आणीबाणी नसेल तर सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने आईसुद्धा हो म्हणू शकत नाही. उपचार काय, धोके काय, पर्याय कोणते, नाही केलं तर काय होईल, हे आधी रुग्णाला कळायला हवं.

"डॉक्टरांना वेळ कुठे असतो?" असं म्हणाल. ओपीडीची रांग मीही पाहिली आहे. पण बिलाचा हिशोब समजवायला माणूस नेमता येतो, तर फॉर्म मराठीत समजवायला का नाही? 'गूगल करून येऊ नका' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, की पेशंट गूगलकडे जातो तो समोरच्याने सांगितलं नाही म्हणून.

आणि आपण नातेवाईक? "त्यांना सांगू नका, घाबरतील," हे आपलंच वाक्य. काळजीच्या नावाखाली आपण चालत्याबोलत्या माणसाला त्याच्याच शरीरातून बेदखल करतो.

पुढच्या वेळी फॉर्म पुढे आला की पेन खाली ठेवा. मराठीत समजावून मागा. आणि तो कागद कॉटवर बसलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याला घाबरायचा हक्क आहे, विचारायचा आहे आणि नाही म्हणायचाही.