गाणी वाजतात, पण ऐकतो कोण?



जयंतीच्या मिरवणुकीत हल्ली गाणी खूप वाजतात, पण ऐकू येत नाहीत. डीजेच्या भिंतीपुढे छाती धडधडते. कवीने काय लिहिले ते कुणाच्या कानी पडत नाही. अनेक मंडळांच्या जमाखर्चात साउंडच्या भाड्याचा आकडा मोठा असतो, शाहिराच्या मानधनाची ओळ मात्र शोधावी लागते. म्हणून आज थोडे जुन्या गाण्यांविषयी.

आपले गाणे चळवळीच्या पोटी जन्मले. १९३० च्या दशकात नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. साचा तमाशाचा, ढोलकी-तुणतुणे तेच. पण आतला मजकूर पाण्याच्या हक्काचा, शाळेचा, मेलेली ढोरे न ओढण्याचा. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार असा पोहोचला.

पुढे वामनदादा कर्डक आले. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत कष्टाची कामे करता करता त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि हजारो गीते रचली. त्यांचे ‘भीमा तुझ्या मताचे’ हे गीत एकदा शांतपणे ऐका. त्यात स्तुती थोडी आणि आपल्याला, अनुयायांना, विचारलेला जाब फार आहे. नाचता नाचता तो जाब कसा कळणार?

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या भक्तिगीतांमुळे घराघरांत गेला. त्याच आवाजातील भीमगीते आणि कव्वाल्या मुलांना ऐकवा. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ साली गेले. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले.

दूरदेशी आपल्या गाण्यांची भावंडे आहेत. अमेरिकेतील काळ्या बांधवांचे ‘सोल’ आणि जमैका बेटावरचे ‘रेगे’. सॅम कुक हा तिकडचा नामवंत गायक. १९६३ साली एका गोऱ्यांच्या लॉजवर त्याला खोली नाकारली. खिशात पैसा होता, नाव होते, पण कातडी काळी होती. आपल्या रायगडात महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न उभा राहिला, तोच हा. पुढे १९६४ साली त्याचे ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणे आले. त्याच वर्षी तो गोळी लागून मेला. नंतर त्या गाण्याची छोटी तबकडी निघाली, तेव्हा काळ्या माणसाला हटकले जाते हे सांगणारे कडवेच गाळले होते! जमैकाच्या बॉब मार्ले याने १९८० साली ‘रिडेम्प्शन साँग’ गायले, तेही फक्त एका गिटारवर. मार्कस गार्वे या काळ्यांच्या नेत्याने मनाच्या गुलामीविषयी भाषणात जे सांगितले होते, ते त्याने गाण्यात आणले. गुलामीची जाणीव करून देण्याची शिकवण आपल्याला काही नवी नाही. घरातल्या मुलांच्या मोबाईलवर ही गाणी सापडतात. त्यांच्याकडून अर्थ समजावून घ्या.

पण जी गाणी ना तबकडीवर आली, ना कॅसेटवर, त्यांचे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. आपल्याकडे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाडच्या वाड्यांमध्ये कुणी वेचून ठेवले? गाणे येणारी आजी गेली की तिच्याबरोबर गाणेही जाते. त्याची दुसरी प्रत कुठे नसते.

तेव्हा येत्या वर्षावासात विहारात एक संध्याकाळ यासाठी ठेवा. ग्रंथवाचन झाल्यावर वडीलधाऱ्यांना गायला बसवा. मुलींनी मोबाईलवर आवाज भरून घ्यावा, मुलांनी वहीत शब्द उतरवावेत. गाणाऱ्याचे नाव, गाव, आणि ठाऊक असेल तर कवीचे नाव अवश्य लिहावे. खर्च शून्य, जमा मोठी.

आणि पुढच्या जयंतीला निदान तासभर डीजे बंद ठेवून एका शाहिराला मानाने बोलवा. मानधनही वेळेवर द्या!

जयभीम!