पोटदुखीचा पेशंट आणि जड झालेल्या पापण्या

पहाटे चारची वेळ, पावसाळ्याचे दिवस. पिकअपमधून बारा-तेरा वर्षांच्या पोराला घेऊन आई-बाप दवाखान्यात येतात. "डॉक्टर, रात्री जेवून चांगला झोपला होता. अडीचला उठला, पोटात कळ मारतीय म्हणतोय. दोनदा उलटी झाली." ताप नाही, जुलाब नाहीत, पोट दाबलं तर मऊ. अंगावर कुठं जखम नाही, सूज नाही.

सांगा, काय झालंय?

शिरूर-दौंड पट्ट्यात मी बरीच वर्षं रात्रपाळीची कॅज्युअल्टी केलीय. हे कोडं मी स्वतः एकदा चुकलोय. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तासाभरानं आई म्हणाली, "झोप लागली वाटतं, डोळंच उघडंना." ती झोप नव्हती. पापण्या लुळ्या पडल्या होत्या. पोराला मण्यार चावली होती. सर्पविषावरची लस चालू करून, अँब्यू बॅग दाबत त्याला पुण्याला नेला, म्हणून वाचला. पण तो वाया गेलेला तास मी विसरलेलो नाही.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक की चावा झोपेत कळतही नाही, खूण बहुतेकदा सापडत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस चावली तर रक्त गोठत नाही. मण्यारीत मात्र वीस मिनिटांच्या नळीतल्या तपासणीत रक्त व्यवस्थित गोठतं, आणि नवखा डॉक्टर फसतो.

दुसरा घोळ याहून वाईट. गिळता येत नाही म्हणून तोंडात लाळ साठते. ती बघून कुणीतरी कुजबुजतं, "औषध पिलंय." घरातल्या सुनेबद्दल असं बोललं गेलं की उपचारापेक्षा चौकशीच आधी सुरू होते. फवारणीच्या विषबाधेत बहुधा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम फुटतो. मण्यारीत तसं होत नाही. हा फरक बघायला मोबाईलची बॅटरी पुरते.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. मण्यारीच्या विषानं माणूस पूर्ण लुळा पडतो, बाहुल्याही हलत नाहीत, मेल्यासारखा दिसतो. पण आत तो शुद्धीवर असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. श्वास देत राहिलं तर काही दिवसांत तो उठून बसतो. म्हणून "आता काही राहिलं नाही" असं घाईनं म्हणू नका.

आपला भाग उसाचा. रात्रीची लाईट आली की दारं धरायला जावं लागतं. ऊसतोड मजूर कोपीत जमिनीवर झोपतात. म्हणजे हा पेशंट आपल्याकडे येणारच. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. कागद चांगला आहे. पण पोरगं मरतं ते शिरूर ते पुणे या सत्तरेक किलोमीटरच्या रस्त्यात, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लस, अँब्यू बॅग आणि ती दाबायला शिकलेला माणूस रात्रीसुद्धा हवा. लक्षणं दिसत असतील तर लसीचा पहिला डोस दिल्याशिवाय पेशंट पुढं पाठवू नये. आणि पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: "रात्री झोपला कुठं होता?" या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा, सरपंचांना विचारा, आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन लसीचा साठा बघा.

खेड्यातला डॉक्टर हे करू शकत नाही असं कुणी म्हणू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात पेशंटच्या उशाशी बसून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला, 'लॅन्सेट'नं तो छापला. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे पेशंट वाचवतायत.

आता तुमच्या हातातलं. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. देवऋषाकडं वेळ घालवू नका, चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. 108 ला फोन करा. आणि डॉक्टर पोटाकडंच बघत असेल तर न लाजता सांगा, "साहेब, हा खाली झोपला होता. जरा पापण्या बघा."

डॉक्टरला राग आला तर येऊ द्या. मला त्या रात्री कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.