पाणी तपासले, पुढे काय?

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. माणशी ५५ लिटर नळाचे पाणी हा तिचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच योजनेतली दुसरी तरतूद मात्र फारशी चर्चेत येत नाही. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे आणि त्यांच्या हाती तपासणीचा संच द्यायचा, अशी ती तरतूद आहे. नाशिक जिल्ह्यात यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार, गावाचे पाणी गावानेच राखले पाहिजे. दुसऱ्या मतानुसार, सरकारने आपले काम बायकांच्या गळ्यात घातले.

पहिल्या मताला याच जिल्ह्यात मोठा आधार आहे. ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनी हाती घेतला. आवर्तन, पाळी, पाणीपट्टी हे सगळे त्यांनी सांभाळून दाखवले. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याआधीच ही वाट तिथे मळलेली होती. पण एक फरक विसरता येत नाही. पाणी कमी आले की चारीच्या टोकाचा शेतकरी त्याच दिवशी बोंब मारतो. पाण्यातले नायट्रेट ना दिसते, ना त्याला वास येतो. मग बोंब कोण मारणार?

तरीही काही कामे गावाशिवाय कोणीच करू शकत नाही. विहिरीच्या काठावरचे धुणे, उकिरडा, शेजारचा शोषखड्डा हे हलवायला नाशिकहून साहेब येत नाही. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचेही तेच. ग्रामपंचायतीत गोणी उघडी पडली, दमट हवा लागली की क्लोरीन उडून जातो आणि पांढरी भुकटी उरते. गावाचे पाणी सांभाळणारा जलसुरक्षक ती इमानेइतबारे टाकीत टाकतो. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळी झाक आली नाही, तरच गफलत कळते. उलट पावडर चांगली असली की ‘पाण्याला दवाखान्याचा वास येतो’ म्हणून गावच ओरडते आणि मग बिचारा हात आखडतो. तुटपुंज्या मानधनावर तो भांडणार तरी किती! त्यात पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. कार्डाची लाज धाकासाठी ठीक आहे, पण लाजेपोटी दोष झाकण्याचा मोहही तिथेच होतो.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात प्रश्न आणखी अवघड होतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खते, गोठे, सांडपाणी यांतून ते भूजलात उतरते आणि टीसीएलने किंवा उकळून ते जात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात द्राक्षे अडकली, तेव्हा सारा पट्टा हादरला. आज निर्यातीचा बागायतदार अंशतपासणीचा अहवाल जपून ठेवतो, कारण पलीकडचा खरेदीदार तो मागतो. त्याच बागेच्या बांधावरच्या विहिरीचा अहवाल मागणारा कोणी नाही. हा दोष सरकारवर ढकलता येणार नाही.

खाली चांदोरी-सायखेड्याकडे गेलो की दुसऱ्या मताची बाजू पटते. नाशिक शहराचे सांडपाणी पोटात घेऊन गोदावरी तिथे पोहोचते आणि पानवेली नांदूरमधमेश्वरपर्यंत साथ करतात. ते पाणथळ २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, तरी पानवेली सुटलेल्या नाहीत. गोदेच्या प्रदूषणावर मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये याचिका दाखल झाली, म्हणजे शहरातल्या जाणत्या लोकांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. अशा ठिकाणी पाच बायकांनी संच उघडून काय करायचे? पाणी खराब आहे हे त्यांना संचाआधीच ठाऊक आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर खर्च होईल. तो खर्च घाटांपाशीच संपू नये, खालच्या या गावांपर्यंतही पोहोचावा. पेठ-सुरगाण्यातल्या ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरतात, तिथे तर आधी पुरेसे पाणी द्यावे, संच मागाहून.

आमचे मत असे: तपासणी गावाकडेच राहावी, कारण रोज पाणी पिणाऱ्याइतकी नड दुसऱ्या कोणाला नाही. मात्र तपासणाऱ्या महिलांना आणि जलसुरक्षकाला वेळेवर मोबदला मिळाला पाहिजे. दूषितपणाचे मूळ गावाबाहेर असेल, तर महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी ठरलेल्या मुदतीत ग्रामसभेला लेखी उत्तर देण्याचे बंधन हवे. मूळ गावातच असेल, तर बागायतदाराला आणि गोठेवाल्याला चार शब्द सुनावण्याची हिंमत ग्रामसभेने दाखवावी. मोबदला आणि लेखी उत्तर या गोष्टी शासन निर्णयाने होतील. ग्रामसभेच्या हिमतीसाठी शासन निर्णय निघत नसतो, आणि आम्हाला तीच जास्त अवघड वाटते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर: यांतली जी ग्रामसभा आता पुढे येईल, तिला जा आणि एकच कागद मागा. आपल्या पिण्याच्या विहिरीचा शेवटचा तपासणी अहवाल, तारखेसह.