जमिनीत साठवलेला उन्हाळा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील ओकोटोक्स गावी हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथील ड्रेक लँडिंग वसाहतीतल्या ५२ घरांनी मात्र २०१५-१६चा अख्खा हिवाळा साठवलेल्या उन्हावर काढला.

२००७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात गॅरेजांच्या छपरांवर सुमारे ८०० सौर तापक बसवले होते. त्यांनी गोळा केलेली उष्णता पाण्यावाटे जमिनीतील १४४ विवरांत जाई. प्रत्येक विवर सुमारे ३७ मीटर खोल. पाणी बंद नळ्यांतून परत येई, ऊब मात्र भोवतालच्या माती-दगडांत मुरे. उन्हाळा सरता सरता ही जमीन ८० अंशांच्या आसपास तापलेली असे; थंडीत त्याच नळ्यांतून ऊब घरोघरी पोहोचे. पहिली काही वर्षे बरीच उष्णता नुसती जमीन तापवण्यातच खर्ची पडली.

असा प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळायचे ठरले आणि घरांना पुन्हा नैसर्गिक वायूचा आधार घ्यावा लागला. यावरून तंत्रच फसले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. जमिनीने दगा दिला नाही. यंत्रणा जुनी झाली, सुटे भाग आणि जाणकार तंत्रज्ञ मिळेनात, आणि दुरुस्तीचा खर्च अवघ्या ५२ घरांच्या मानाने पेलणारा नव्हता. उद्घाटनाला पैसा मिळतो; सतराव्या वर्षी गळणाऱ्या नळीला मिळत नाही.

आकार लहान असण्याचा आणखी एक तोटा आहे. तांब्यातले पाणी लवकर निवते, बंबातले उशिरा. साठा जितका मोठा, तितका त्याचा पृष्ठभाग तुलनेने कमी आणि उष्णतेची गळतीही कमी. डेन्मार्कमधील व्होयेन्स गावाने हे हेरले. तिथे वाळूच्या जुन्या खाणीला प्लास्टिकचे अस्तर लावून २० कोटी लिटर पाणी साठवले आहे आणि वर उष्णतारोधक झाकण तरंगते आहे. सुमारे २,००० घरांची वर्षभराची जवळपास निम्मी गरज सूर्यावर भागते. उरलेल्या निम्म्यासाठी इतर बॉयलर आहेत, आणि ते शहाणपणाचेच आहे. शेवटचे काही टक्के उन्हातून मिळवणे फार महाग पडते.

व्होयेन्सची उष्णता पुरवणारी कंपनी ग्राहकांच्याच मालकीची आहे. दुरुस्तीचा खर्च त्यांचा, आणि कमी झालेले बिलही त्यांचेच.